बरोजचा कट-अप मराठीत: सांगलीच्या पेपरवर कात्री कशी चालवायची

अमेरिकन कादंबरीकार विल्यम एस. बरोज (१९१४–१९९७) वाचायला घेतलेले बरेच वाचक ‘द सॉफ्ट मशीन’ किंवा ‘नोव्हा एक्सप्रेस’पाशी अडतात. वाक्य सुरू होतं एका माणसाबद्दल आणि संपतं भलत्याच शहरात. ही पुस्तकं कात्रीने घडलेली आहेत: लिहिलेला मजकूर कापायचा आणि तुकडे वेगळ्या क्रमाने जोडून नवी वाक्यं मिळवायची, यालाच कट-अप म्हणतात. ती कात्री एकदा स्वतः चालवून पाहिली की पुढची पानं बरीच मोकळी होतात. त्यासाठी इंग्रजी मजकूर लागत नाही. हळदीच्या सौद्याची बातमी आणि कृष्णेच्या पाणीपातळीची बातमी एवढ्यावर काम होतं.

पद्धत मुळात बरोजची नाही. चित्रकार ब्रायन गायसिन १९५९ मध्ये पॅरिसच्या ‘बीट हॉटेल’मध्ये पुठ्ठा कापत होता. खाली अंथरलेली वर्तमानपत्रंही पात्याने कापली गेली आणि तुकडे शेजारी आल्यावर नवीच वाक्यं तयार झाली. शब्द टोपीत टाकून कविता करण्याची कृती त्रिस्तान झारा या दादावादी (कलेचे ठरलेले नियम मोडणाऱ्या चळवळीतल्या) कवीने १९२० च्या सुमारास सांगितली होतीच. बरोजने मात्र ती कादंबरीच्या आकारावर नेली: ‘द सॉफ्ट मशीन’ (१९६१), ‘द तिकीट दॅट एक्सप्लोडेड’ (१९६२) आणि ‘नोव्हा एक्सप्रेस’ (१९६४). ‘नेकेड लंच’ला सरसकट कट-अप म्हटलं जातं, ते चूक आहे. ते पुस्तक पॅरिसच्या ऑलिंपिया प्रेसने १९५९ मध्येच काढलं, गायसिनचा शोध लागण्यापूर्वी. त्याची विस्कळीत रचना सुटी प्रकरणं एकत्र आल्यामुळे झालेली आहे.

आता सामान. स्टीलची पट्टी, कटर, खाली ठेवायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, ग्लू स्टिक, कोरे ए-फोर कागद. पातळ केलेला फेविकॉल किंवा खळ वापरू नका, कागद सुरकुततो आणि ओळी वर-खाली होतात. पेपरवर थेट पातं चालवण्यापेक्षा बातमीची एका बाजूची झेरॉक्स काढा, म्हणजे मागची छपाई दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर झेरॉक्सच बरी. सादळलेला पेपर कापला न जाता फाटतो.

त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही मजकूर स्वतः टाइप करून घेणं. अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, पानावर २४ ओळी, दोन्ही पानांचा समास सारखा. ओळींची उंची जुळली नाही तर तुकडे शेजारी ठेवल्यावर वाक्यं भेटतच नाहीत, आणि पहिला प्रयत्न बहुतेक इथेच फसतो. ओळींची संख्या सम ठेवा, म्हणजे आडवा काप दोन ओळींच्या मधोमध पडतो. अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार पात्याखाली जातात आणि ‘पूल’चा ‘पल’ होतो.

पहिली पद्धत अशी: एक पान उभं मधोमध कापा, मग आडवं. वर डावीकडे १, उजवीकडे २. खाली डावीकडे ३, उजवीकडे ४. नंबर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा, नंतर मूळ पान पुन्हा जुळवून बघायचं असतं. आता १ शेजारी ४ आणि ३ शेजारी २ ठेवा आणि ओळ सरळ आडवी वाचा. लगेच चिकटवू नका. ४ डावीकडे आणि १ उजवीकडे असंही लावून बघा, निकाल बराच बदलतो.

दुसरी पद्धत फोल्ड-इन, बरोजने पुढे ती भरपूर वापरली. यात पान न कापता उभं दुमडून दुसऱ्या पानावर ठेवायचं: डावा अर्धा एका मजकुराचा, उजवा दुसऱ्याचा. समजा बाजाराच्या मजकुराच्या तीन ओळी अशा आहेत:

आवक वाढली पण | राजापुरी हळदीला
भाव टिकून राहिला. | सकाळपासून अडत्यांच्या
दुकानांसमोर पोत्यांची | रांग लागली

आणि पुराच्या अशा:

आयर्विन पुलाजवळ | पाण्याची पातळी
हळूहळू वाढत आहे. | नदीकाठच्या
घरांतील माणसे | सामान वर हलवत आहेत

फोल्ड-इन केल्यावर:

आवक वाढली पण पाण्याची पातळी
भाव टिकून राहिला. नदीकाठच्या
दुकानांसमोर पोत्यांची सामान वर हलवत आहेत

पहिली ओळ चांगली आहे: बाजारातली आवक आणि नदीची आवक एका वाक्यात आली. ‘नदीकाठच्या दुकानांसमोर’ तर इतकं सहज जुळलं आहे की सांधा दिसत नाही. ‘पोत्यांची सामान’ मात्र खटकतं, आणि मराठीतली खरी अडचण हीच. इंग्रजीत नाम बदललं तरी शेजारच्या शब्दाचं रूप सहसा तसंच राहतं. मराठीत लिंग, वचन, विभक्तीचा प्रत्यय सगळं शब्दाला चिकटलेलं असतं, म्हणून सांधा लगेच ओरडतो. शिवाय क्रियापद शेवटी येत असल्याने उजव्या तुकड्यांत क्रियापदं साचतात आणि डाव्या तुकड्यांत निराधार कर्ते. यावर उपाय सोपा आहे: एक मजकूर छोट्या वाक्यांचा घ्या, दोन-तीन शब्दांत संपणाऱ्या. बाजारभाव, हवामान, एसटीच्या वेळा. दुसरा लांब वाक्यांचा, अग्रलेख किंवा जुनं गद्य. दोन्ही लांब वाक्यांचे असले तर चिखल होतो.

शब्दाच्या मधूनही कापून बघा. त, ग, श यांचा उभा दंड कापला गेला की अक्षर अर्धं होतं आणि पुढच्या तुकड्यातल्या अक्षराला जोडाक्षर बनून चिकटतं. ही सोय देवनागरीची स्वतःची आहे, बरोजला ती नव्हती.

यानंतर निवड. कापणं हा कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. बरोज पानंच्या पानं कापायचा आणि त्यातून मोजकी वाक्यं उचलायचा. दहा पानांतून चार ओळी मिळाल्या तर काम चांगलं झालं समजा. व्याकरण दुरुस्त करायचं की नाही हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. आमचा कल असा: प्रत्यय जुळवून घ्यायला हरकत नाही, पण नवा शब्द घालायचा नाही. शब्द घालायला लागलात की हळूहळू आपलं नेहमीचं लेखन परत येतं, आणि त्यातूनच सुटण्यासाठी तर कात्री घेतली होती.

आवाजावरही हे करता येतं. बरोजने टेप रेकॉर्डरवर एका ध्वनिमुद्रणात मध्येच दुसरं घुसवून पाहिलं. आज मोबाइल पुरतो: आकाशवाणी सांगलीच्या बातम्या आणि मार्केट यार्डातला लिलाव रेकॉर्ड करा, एडिटिंग अॅपमध्ये दोन-तीन सेकंदांचे तुकडे करून आलटून पालटून लावा. तुकडा याहून लांब ठेवला तर कान पहिल्या संदर्भालाच धरून बसतो.

हात बसला की वाचनाचा क्रम असा ठेवा. आधी ‘जंकी’ (१९५३), जी विल्यम ली या टोपणनावाने आली. गद्य सरळ, कोरडं, कुठेही अडत नाही. मग ‘नेकेड लंच’, कुठल्याही प्रकरणापासून. त्यानंतर ‘नोव्हा एक्सप्रेस’. शेवटी ‘सिटीज ऑफ द रेड नाइट’ (१९८१) आणि तिच्या पुढच्या दोन कादंबऱ्या. त्यांत कथानक परत येतं, पण कात्रीची सवय वाक्यांत मुरलेली दिसते.

वाचक-गटात ही पुस्तकं घ्यायची असतील तर काय येणार हे आधी स्पष्ट सांगा: हेरॉइन, हिंसा, उघड लैंगिक वर्णनं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ती नाहीत. ‘नेकेड लंच’वर बोस्टनमध्ये अश्लीलतेचा खटला चालला. १९६५ मध्ये निकाल विरोधात गेला, १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पण वाद एवढाच नाही. ६ सप्टेंबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत बरोजच्या गोळीने त्याची पत्नी जोन व्होल्मर मेली. डोक्यावर ग्लास ठेवून नेम धरण्याचा तो खेळ होता. या मृत्यूमुळेच आपण लेखक झालो, असं त्याने ‘क्वीअर’च्या १९८५ च्या प्रस्तावनेत लिहिलं. चर्चेत ती प्रस्तावना जरूर वाचा, पण जोनला लेखकाच्या घडणीतली एक पायरी करून टाकू नका. तिचं नाव घ्या आणि काय घडलं ते सरळ शब्दांत सांगा.

तयार झालेलं छापायचं असेल तर कच्चा माल जपून निवडा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे बरोजची स्वतःची पानं २०५७ संपेपर्यंत मोकळी नाहीत. पेपरातले लेखही मोकळे नसतात. घरी सराव पेपरवर करा, छापण्यासाठी केशवसुत (मृत्यू १९०५) किंवा हरिभाऊ आपटे (मृत्यू १९१९) घ्या आणि शेजारी स्वतः लिहिलेला मजकूर ठेवा. खाली कुठले दोन मजकूर कापले ते नोंदवा. बरोज आणि गायसिन यांनी ‘द थर्ड माइंड’ (१९७८) या पुस्तकात पद्धतीची उदाहरणं उघड मांडली आहेत. तसं केलं की वाचणारा तोच प्रयोग पुन्हा करून बघू शकतो.