लेकराचे हात पुढं, आपले मागं : आई-बाळाचा मॉन्टेसरी तास कसा भरवावा

आमच्या लातुरात लेकरू दोन वर्षांचं झालं की पाहुणे विचारतात, "एबीसीडी येते का?" गावच दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'चं, मग घाईचं नवल ते काय! मी दर शनिवारी घराच्या ओसरीवर सव्वा ते तीन वर्षांच्या लेकरांचा आणि त्यांच्या आयांचा एकत्र मॉन्टेसरी तास घेते, म्हणजे लेकरानं घरातली खरी कामं स्वतःच्या हातानं करत शिकायचं. कधी आजी येते, दोनदा तर बापही आले. पहिल्याच दिवशी सांगून टाकते : इथं एबीसीडी नाही. इथं ज्वारी ओतायची, मेथी निवडायची, सांडलं तर पुसायचं. लेकरांना ते जमतंच. शिकायचं असतं मोठ्यांना, हात आवरायला.

तुम्हाला असा तास भरवायचा तर आधी माणसं मोजा. पाच-सहा जोड्या पुष्कळ झाल्या, आणि एका लेकरामागं एकच मोठं माणूस. आई आणि आजी दोघी आल्या की एक दाखवते आणि दुसरी भरवते. वेळ सकाळची, नऊ ते साडेदहा. होळी झाली की मी आठलाच बोलावते, नंतर पत्रा तापतो. या दीड तासातला तासभर लेकरांना सलग मोकळा द्या. गाणी, खाऊ सगळं त्यानंतर.

जागेचं फार मनावर घेऊ नका. ओसरी, गच्चीवरची खोली, देवळाचा सभामंडप, काहीही चालतं. प्रत्येक लेकराला एक बसकर द्या. बसकर म्हणजे त्याचं शेत, बांध ओलांडून दुसऱ्यानं आत यायचं नाही. हे लेकरांना दोन आठवड्यांत कळतं, आयांना जरा वेळ लागतो. टेबल म्हणून घरचा चौरंग घ्या. विटांवर दोन फळ्या टाकल्या की मांडणी तयार. वरची फळी लेकराच्या छातीच्या वर नको, आणि ती हलत नाही ना हे आधी स्वतः दाबून पाहा.

त्या फळ्यांवर सहा ते आठच गोष्टी ठेवा, एका ताटलीत एक काम. पहिल्या शनिवारी मी हौसेनं वीसेक वस्तू मांडल्या होत्या. दहा मिनिटांत सगळं ओसरीच्या मधोमध आलं, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त फायदा चिमण्यांचा झाला.

मॉन्टेसरीचा महागडा लाकडी संच आत्ताच घेऊ नका. त्यातला प्रसिद्ध गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहान-मोठे ठोकळे, तीन वर्षांच्या आसपास कामाला येतो. ज्यांच्या नावानं ही पद्धत चालते त्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी 1939 साली मद्रासला आल्या. महायुद्धामुळं मुक्काम वाढला आणि 1946 पर्यंत त्या भारतातच राहिल्या. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी हे काम उभं केलं, ते आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर. आपल्याला तर गंजगोलाईत, लातूरच्या बाजारात, एक चक्कर मारली तरी पुरते.

माझी मांडणी साधारण अशी असते : मूठभर मापाचे स्टीलचे दोन गडू आणि अर्ध्या गडूभर ज्वारी, एका परडीतून दुसरीत टाकायला लिंबं, झाकणं उघडायला-लावायला तीन वेगवेगळे डबे, मेथीची छोटी जुडी, सोललेलं केळ आणि बोथट सुरी, वांगं, दोडका, कांदा अशी खऱ्या भाज्यांची टोपली, आणि हाताएवढे फडके, भरपूर. सव्वा वर्षाच्या बाळासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला वर भोक पाडा, खाली एका बाजूनं उघडं ठेवा. चेंडू आत जातो, दिसेनासा होतो, आणि खालून बाहेर येतो. बाळ हे वीस वेळा करतं. करू द्या.

एक गोष्ट मात्र सक्तीची. चिंचोके, शेंगदाणे, मणी, गोट्या, घशात अडकेल असं काहीही मांडायचं नाही. ज्वारीसुद्धा तोंडात-नाकात घालायची सवय गेलेल्या लेकरालाच द्यायची, आणि तेही आई हाताच्या अंतरावर असताना.

आता दाखवायचं कसं. ओतण्याचं उदाहरण घेऊ. लेकराच्या उजव्या हाताला बसा, म्हणजे तुमचा हात त्याला नीट दिसतो. भरलेला गडू डावीकडं, रिकामा उजवीकडं. "बघ हं" एवढंच म्हणा आणि गप्प बसा, कारण तोंड चालू असलं की लेकरू तोंडाकडं बघतं, हाताकडं नाही. गडू उचला. रिकाम्याच्या काठाच्या मधोमध आणा. थांबा. मग हळू तिरका करा, आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत तसाच धरा. दोन दाणे चौरंगावर पडले तर चिमटीनं उचलून गडूत टाका. ते मुद्दाम दाखवायचं असतं. मग सामान त्याच्यापुढं सरकवा आणि तुमचे हात मांडीवर.

खरी परीक्षा इथंच. एकदा अडीच वर्षांचा एक मुलगा गडू तिरका करत होता, जीभ बाहेर काढून, अगदी तल्लीन. शेजारी आजी. "आवो बाई, सांडंल ना ते!" म्हणत त्यांचा हात पुढं आला. मी नुसती मान हलवली. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि पदरच मुठीत घट्ट धरला. सांडलंच. पोरानं गडू ठेवला, एकेक दाणा वेचला, पुन्हा ओतलं. सात वेळा. आजी म्हणाल्या, "घरी तर एका जागी बसत नाही हे." तेव्हापासून मी सगळ्यांना आल्याआल्या सांगते : हात शिवशिवले की पदर धरा, ओढणी धरा, बाप असाल तर स्वतःचा गुडघा धरा.

"शाब्बास"ही जपून. लेकरू कामात असताना टाळ्या वाजवल्या की ते काम सोडून तुमच्याकडं बघतं. झाल्यावर "सगळी ज्वारी ओतलीस" एवढं पुरतं.

ज्वारी जमली की पाणी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, त्यामुळं पाणी सांडायचं म्हटलं की आमच्या आयांच्या जिवाला घोर लागतो. म्हणून अर्धी वाटीच पाणी द्या, खाली परात ठेवा, आणि शेवटी परातीतलं पाणी लेकराच्याच हातानं तुळशीला घाला.

भाज्यांची टोपली भाषेसाठी. आधी "हे वांगं" म्हणून हातात द्या. बोट फिरवू द्या, देठ टोचू द्या. मग "दोडका दे बरं मला." दोन वर्षांच्या आतलं लेकरू एवढ्यावरच सोडा. "हे काय?" हा प्रश्न बोलू लागलेल्यांना, आणि तोही उत्तर येणार याची खात्री असेल तेव्हाच. चुकलं तर "नाही" म्हणू नका, पुन्हा कधीतरी "हे वांगं" म्हणा.

ओढाओढ झाली तर भाषण नको. "आत्ता त्याच्याकडं आहे, ठेवलं की तुझं," आणि तोवर दुसरं काम दाखवा. चावणाऱ्या लेकराच्या जवळ बसा, आईला रागावू नका. ती आधीच ओशाळलेली असते.

खाऊला लेकरांनीच कापलेलं केळ. मग आपापली ताटली फळीवर, बसकर गुंडाळून कोपऱ्यात, दोन बडबडगीतं आणि चपला. चपला त्यांनाच घालू द्या. उलट्या घातल्या तरी घराबाहेर पडून चार पावलं टाकू द्या. एवढ्याला दहा मिनिटं लागतातच, म्हणून रिक्षावाल्याला साडेदहा नाही, पावणेअकराची वेळ सांगा.