पाचगणीत उन्हाळी घर घेण्यापूर्वी

पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवरच्या पाचगणीत उन्हाळी घर घ्यायचे असेल, तर पहिली फेरी मे महिन्यातच करावी. टेबललँडवर भटकणे आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावात नाव वल्हवणे हे सुट्टीचे सुख झाले, पण पसरणी घाटातली कोंडी आणि नळाला येणारे खरे पाणी त्याच महिन्यात कळते. टाकीचे झाकण उघडून आत डोकवावे आणि टँकर कितीदा येतो हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावे. दुसरी फेरी जुलैत करून पश्चिमेकडच्या भिंतीवर तळहात टेकवावा. ताज्या रंगावर भुलू नये. ओल हाताला लागतेच.

सातबाऱ्यावर जमीन शेतीची निघाली, तर शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला ती सहसा घेता येत नाही, म्हणून बिगरशेतीचा आदेश आधी मागावा. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने मंजूर नकाशा हातात धरून प्रत्यक्ष बांधकाम खोलीगणिक ताडून पाहावे. ‘वरची खोली नंतर नियमित होईल’ असे कोणी म्हणाले, तर चहा पिऊन निघावे. वकिलाकडून जागेच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल मिळेपर्यंत विसार देऊ नये.