फ्लॅट दोनपैकी कुठल्या टाउनशिपमध्ये घ्यायचा यात अडकलात? आधी हे करून बघा

डोंबिवलीजवळचं पलावा, पुण्याची नांदेड सिटी, हिंजवडी-वाघोलीकडच्या टाउनशिप्स, कुठेही जा, सॅम्पल फ्लॅट बघून सगळंच भारी वाटतं आणि ठरवताना डोकं चालत नाही. ब्रोशर बाजूला ठेवा.

१. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर आपल्या बिल्डिंगचा महारेरा रजिस्ट्रेशन नंबर टाका. मोठ्या टाउनशिपमध्ये प्रत्येक फेजचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, त्यामुळे क्लबहाऊस, गार्डन नक्की कुठल्या फेजमध्ये दाखवलंय ते बघा, नाहीतर ताबा तुम्हाला आधी मिळतो आणि स्विमिंग पूल पुढच्या फेजसोबत कधीतरी. मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख दोन्ही वाचा, बिल्डरचा स्वभाव तिथेच कळतो.

२. गूगल मॅपवर ‘सोमवारी सकाळी साडेनऊला पोचायचंय’ असं टाकून ऑफिसचा रस्ता बघा. सेल्सवाल्याची ‘स्टेशन १० मिनिटं’ रविवारची असतात.

३. दर कार्पेट एरियावरच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच काढा. मेंटेनन्स विचारताना सोसायटीचा किती आणि टाउनशिपचा वेगळा किती ते लिहून घ्या, दुसरा आकडा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

४. उन्हाळ्यात सकाळी गेटबाहेर थांबा, टँकर आत जाताना दिसले तर पाणी विकत घेतात का ते वॉचमनलाच विचारा, तो खरं बोलतो, सेल्स ऑफिसमध्ये तर २४ तास पाणी असतंच!

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: शाळा, मेट्रो, हॉस्पिटल ‘येणार आहे’ म्हटलं की त्याचे पैसे देऊ नका. अॅग्रीमेंटमध्ये लिहून देतात का ते विचारा.