जर्मनीला निघालेल्या खानदेशी विद्यार्थ्यांसाठी: आधी पत्रपेटीवर नाव, मग शेवभाजी

एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला), व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणारे खाते) यांविषयी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांच्या गटांत रोज इतके लिहिले जाते की, त्याची उजळणी येथे करण्याची गरज नाही. विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या सत्रात काय खायचे आणि दिवस कसा काढायचा, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. विचारले की सीनियर मंडळी "होईल सगळं सेट" एवढे म्हणून मोकळी होतात. जो सीनियर स्वतःची फजिती सांगत नाही, त्याचा सल्ला अर्धाच घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. मी यावल तालुक्यातली, सध्या माग्देबुर्गमध्ये शिकते, आणि अजूनही पत्रपेटी उघडताना पोटात गोळा येतो.

त्या पत्रपेटीचेच आधी सांगते. जर्मनीत पत्त्यामध्ये फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतो. रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक आणि माणसाचे नाव, एवढाच पत्ता. दाराशी पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी असते, आणि पोस्टमन ते आडनाव शोधतो. सापडले नाही, तर पत्र आले तसे परत जाते. आपल्या गावाकडे पत्त्यात नुसते "बस स्टँडमागे" लिहिले तरी पत्र घरी पोचते, कारण पोस्टमनला आजोबांपासून सगळे ठाऊक असतात. येथे पत्र परत गेल्याचे आपल्याला कळतही नाही. मी पोटभाड्याच्या खोलीत राहत होते, पेटीवर मूळ भाडेकरूचेच नाव होते, आणि "तुझे नाव लावतो" असे तो रोज म्हणत होता. बँकेने कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात पाठवला. दोन्ही परत गेले. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात व त्यांतील ९९२ युरो दरमहा हाती येतात. ते माझ्या खात्यात जमा झाले होते, परंतु काढायला कार्डच नव्हते. घरून आणलेल्या रोख रकमेवर मी ब्रेड आणि केळी खाऊन दिवस काढले. केळीही दक्षिण अमेरिकेतून आलेली, आणि बाबांच्या बागेत घड लटकलेले, हे आईला फोनवर सांगायची सोय नव्हती.

पत्रपेटीवर एवढे लिहिण्याचे कारण असे की, येथे बहुतेक सगळे महत्त्वाचे पत्रानेच येते. आरोग्य विम्याचे कार्ड पत्राने येते. कराचा ओळख क्रमांक पत्राने येतो, आणि तो नसला तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्रही येते. ती दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते, आणि एकत्र राहणाऱ्यांनी ती मिळून एकदाच भरायची असते. म्हणून खोलीची चावी हातात येताच, मूळ भाडेकरूला विचारून, पेटीवर आणि घंटीवर आपल्या नावाची चिठ्ठी स्वतः चिकटवावी, पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणेच. पत्ता देताना आपल्या नावाखाली "c/o" (म्हणजे मार्फत) लिहून पुढे मूळ भाडेकरूचे नाव लिहावे. वसतिगृहात असाल तर नुसते "पाटील" लिहून भागत नाही. एका मजल्यावर तीन पाटील आणि दोन चौधरी निघतात, तेथे पहिले नावही हवे.

याच्याच जोडीला पत्त्याची सरकारी नोंदणी येते. ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते आणि तिला घर देणाऱ्याचे लेखी पत्र लागते. "नोंदणी करू नकोस, भाडे कमी करतो" असे कोणी म्हणाले, तर ती खोली घेऊ नका. पन्नास युरो वाचतील, पण बँकेपासून राहण्याच्या परवान्यापर्यंत सगळे अडेल. घाबरण्याचे मात्र कारण नाही. नोंदणी कार्यालयातील माणसे रुक्ष बोलतात, परंतु कागद पूर्ण असले की काम तेथल्या तेथे होते.

आता खाण्याविषयी. मावशीने दिलेले साजूक तूप आणि पेढे बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि तूप, खवा, पनीर हे सगळे त्यातच मोडते. बिबड्या, कुरडया, काळा मसाला आणि शेव खुशाल आणा. तूरडाळ भारतीय दुकानात मिळते. ज्वारीचे पीठही तेथे मिळते, परंतु ते बहुधा विरी गेलेले असते. पाणी उकळून त्यात उकड काढली, तरच भाकरी थापताना चिरत नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा नाद पहिल्या वर्षी सोडावा.

भरीत मात्र जमते. आपल्याकडचे हिरवे-पांढरे, कमी बियांचे वांगे येथे नाही आणि कपाशीच्या काड्यांचा जाळही नाही. तुर्की दुकानातले मोठे जांभळे वांगे घ्यावे, त्याला सुरीने टोचे मारावेत, ओव्हन २२० अंशांवर ठेवून साल सुरकुतून काळपट होईपर्यंत भाजावे. पाणी निथळू द्यावे, नाहीतर भरीत पचपचीत होते. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात तेथेच मिळते. धुरकट चव येत नाही, हे खरे. वाळलेल्या मिरचीची फोडणी मात्र खिडकी उघडून, दार लावूनच द्यावी. धुराचा अलार्म वाजला की सगळा मजला रात्री खाली उभा राहतो आणि नाव आपले निघते.

विद्यापीठाच्या कँटीनला मेन्सा म्हणतात. विद्यार्थ्यांना तेथे जेवण स्वस्त पडते. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: येथील "शाकाहारी" पदार्थात अंडे असू शकते. "वेगन" लिहिलेले निर्धास्त खावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच, तर रिकाम्या बाटलीचे पंचवीस सेंट दुकानातील यंत्रात परत मिळतात. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पीठ-भाजी तपासावी. रविवारी आणि रात्री दहानंतर मिक्सर लावू नये, शेजारी तक्रार करतात आणि त्यांचे बरोबरच असते.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या काळात उगाचच रडू येते. ते तुमच्या एकट्याचे नसते. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असल्यामुळे वर्ग संपेपर्यंत घरी निजानीज झालेली असते, तेव्हा फोन सकाळीच करावा. पहिल्या सत्रात रात्रपाळीची नोकरी धरू नका, कोणी कितीही सोपी सांगितली तरी. वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे, ती दुसऱ्या सत्रातही वापरता येते. पहिल्या सत्रात रात्री स्वयंपाक करून वेळेवर झोपणे हेच पुरेसे काम असते.