इनले हिंटची टेस्ट: आकडे नकोत, ओळच ताडून पाहा

इनले हिंट म्हणजे एडिटर कोडाच्या ओळीतच दाखवतो ती छोटी सूचना, उदाहरणार्थ पॅरामीटरचं नाव; ती फाइलमध्ये नसते. तिच्या युनिट टेस्टमध्ये ओळ-कॉलमचे आकडे लिहिले, की नमुना कोडात एक स्पेस वाढली तरी निम्म्या टेस्ट लाल होतात. आणि नेमकं काय बिघडलं, ते आकड्यांकडे बघून कळतही नाही.

त्यापेक्षा हिंट कोडातच ओवून अख्खी ओळ ताडायची:

१. नमुना कोड घ्या: दर("नाशिक", वजन)

२. आपलं फंक्शन चालवून सगळ्या हिंट मिळवा.

३. त्या शेवटाकडून सुरुवातीकडे घाला. उलट केलंत तर पहिली हिंट घालताच पुढच्या जागा सरकतात.

४. अपेक्षित ओळीशी तुलना करा: दर(«गाव:»"नाशिक", «क्विंटल:»वजन)

«» या खुणा कोडात एरवी येत नाहीत, म्हणून बऱ्या. लेबल, म्हणजे हिंटचा मजकूर, कधी साधी स्ट्रिंग असतं, कधी तुकड्यांची यादी. तुकडे आधी जोडून घ्या. हिंट येऊच नये अशी एखादी टेस्टही हवीच, ती हमखास राहते.

नमुन्यात मराठी मुद्दाम ठेवलंय. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेची माहिती पुरवणारा सर्व्हर यांच्या संवादाचे नियम) कॉलम मुळात यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने मोजतात. शून्यापासून मोजलं तर वरची दुसरी हिंट १२ वर येते. यूटीएफ-८ चे बाइट मोजणाऱ्याला तीच २६ वर दिसेल. फक्त इंग्रजी नमुन्यांवर ही चूक वर्षभर लपून राहू शकते.

मात्र मराठीवर विसंबू नका. देवनागरीत कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) मोजले तरी आकडा यूटीएफ-१६ इतकाच येतो. म्हणून एका नमुन्यात हिंटच्या आधी इमोजी टाका. यूटीएफ-१६ मध्ये 😀 दोन जागा घेतो, कोडपॉइंट मात्र एकच.