टेबल कोणत्या महिन्यात केलंस?

एप्रिल २०१९ मध्ये सोलापूरहून एका काकूंचा फोन आला. "दादा, टेबल फुटलंय की ओ. मधोमध चीर गेलीय बघा." आठ महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, मी त्यांच्या घरी सहा बाय तीन फुटांचं सागवानी डायनिंग टेबल पोहोचवलं होतं. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं ते माझं चौथं काम. अख्ख्या लाकडाचं मात्र पहिलंच. फोनवर मी काकूंना विचारलं, "गरम कुकर ठेवला होता का त्यावर?" त्या गप्प झाल्या. चूक माझी होती आणि मी ती त्यांच्या स्वयंपाकघरात शोधत होतो. त्याची खंत अजून जात नाही.

चाकणची नोकरी सोडून मी २०१६ मध्ये या धंद्यात आलो. लोकांच्या घरांसाठी मापानुसार फर्निचर करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रंधा, पटाशी, गुण्या तुमच्या हातात बसलेत आणि सरळ जोड जमतो, असं धरून चालतो. हात चांगला असूनही काम कसं फसतं, ते सांगायचं आहे.

सोलापूरला जाऊन पाहिलं तर चीर टोकापासून सव्वादोन फूट आत गेली होती. तोंडाशी एक रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी रुंद. वरचा फळा सहा फळ्या जोडून केला होता. दोन्ही टोकांना शोभेसाठी आडव्या पट्ट्या होत्या आणि त्या पूर्ण लांबीभर फेविकॉल लावून, वर स्क्रू मारून बसवल्या होत्या. खालच्या चौकटीतूनही फळ्यात चौदा स्क्रू घट्ट आवळले होते. मजबूत करायचं म्हणूनच हे सगळं केलं होतं. फळ्या एकमेकींना जिथे चिकटवल्या होत्या तो एकही जोड सुटला नव्हता. लाकूडच फाटलं होतं.

पुण्याच्या नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींना फोटो दाखवला. लाकूड कुठलं, कितीचं, पॉलिश कुठलं, असलं त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, "कोणत्या महिन्यात केलंस?" म्हटलं, श्रावणात. "मग फुगलेलं लाकूड जोडलंस. चैत्रात ते मागे सरकणार. सरकायला जागा कुठे ठेवलीस?"

हे मी सावकाश, जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दुकानदाराला खोदून खोदून विचारलं होतं, माल वाळलेला आहे ना? तो हो म्हणाला आणि ते खरंही होतं. पण वाळवलेलं लाकूड कायमचं वाळलेलं राहत नाही. आसपासच्या हवेत जेवढा दमटपणा असेल त्या प्रमाणात ते पाणी ओढून घेतं आणि सोडून देतं. कापून, रंधून, पॉलिश करून शंभर वर्षं झाली तरी हे चालूच राहतं. लाकडात १५ टक्के ओल आहे याचा अर्थ १०० किलो पूर्ण कोरड्या लाकडामागे १५ किलो पाणी. हवेत ८० टक्के आर्द्रता दिवसचे दिवस राहिली तर लाकूड साधारण १६ टक्क्यांकडे सरकतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली की ६ टक्क्यांकडे. माझ्या शेडमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत होता तेव्हा मी फळ्या जोडल्या. पुढे टेबलाने सोसला सोलापूरचा उन्हाळा, तोही भर दुपारी पंखा चालणाऱ्या खोलीत.

ओल गेली की लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. जे हलतं ते रुंदीत. त्यातही फळीच्या टोकाकडून पाहिलं आणि झाडाच्या वाढीची वर्तुळं आडवी पसरलेली दिसली तर जास्त, उभी दिसली तर निम्म्याच्या आसपास. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, म्हणून तर त्याला मान आहे. पण तीन फूट रुंदीला ओल सात-आठ टक्क्यांनी उतरली तर तीन सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक सहज पडतो. माझ्या टेबलाला तीन सूत आत यायचं होतं. टोकाच्या पट्टीची लांबी फळ्याच्या रुंदीच्या दिशेने, आणि लांबीत लाकूड हलत नाही, म्हणजे ती हलणार नाही. स्क्रूही हलू देत नव्हते. मग फळा जिथे कमकुवत होता तिथे फाटला. उन्हाळ्यात केलेलं टेबल कोकणात पाठवलं असतं तर उलट झालं असतं. फुगून त्याने चौकट ढकलली असती किंवा फळा कमानीसारखा उचलला असता.

पॉलिशने हे थांबेल असं मला वाटायचं. पीयू असो की मेलामाइन, पॉलिशमुळे पाण्याची ये-जा मंदावते, बंद होत नाही. शिवाय मी फक्त वरून पॉलिश केलं होतं, खालची बाजू कोरी ठेवली होती. ही वेगळी चूक. एक बाजू लवकर सुकते, दुसरी उशिरा, आणि फळा वाकतो. दिसो न दिसो, दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या.

उपाय सोपे आहेत, त्यांना पैसेही फारसे लागत नाहीत. चौकटीतली भोकं फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर घालून स्क्रू बसवा, म्हणजे स्क्रूला सरकता येईल. किंवा चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून लाकडी गुटके अडकवा. ते फळा खाली धरून ठेवतात, पण बाजूला जाऊ देतात. टोकाची पट्टी हवीच असेल तर कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढून बसवा, गोंद फक्त मधल्या तीन इंचांत लावा आणि कडेची भोकं लांबट ठेवा. कपाटाच्या दारात अख्ख्या लाकडाची फळी असेल तर ती चौकटीच्या खाचेत मोकळी सोडा, गोंदाचा थेंबही नको. जुन्या वाड्यांचे दरवाजे नीट पाहा, आतली फळी अशीच सोडलेली असते. आषाढात आजीच्या कपाटाचा खण अडकायचा आणि दिवाळीनंतर आपोआप सुटायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मीही पाहिलं होतं, पण ते माझ्या कामाशी जोडून पाहिलं नव्हतं. मेमध्ये खण केलात तर फट जरा जास्त ठेवा. ऑगस्टमध्ये केलात तर तो घट्टच बसवा.

मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजायचं यंत्र, घ्या. महागातला नको, दोन सुयांचा साधा चालेल. लाकूड घेताना टोकाशी मोजू नका, टोक आधी सुकतं. फळीच्या मधे मोजा. आणल्यावर दोन-तीन आठवडे फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा. ग्राहक घाई करेल. करू दे.

नवा फळा मी माझ्या खर्चाने करून दिला. टेबलाचे ५८ हजार घेतले होते. लाकूड, पॉलिश, मजुरी, टेंपो मिळून दुसऱ्या वेळी ३१ हजार गेले. तीन महिने शेडचं भाडं भावाकडून घेतलं. हे ऐकून घाबरू नका. त्याच काकूंनी पुढे लेकीच्या घरचं सगळं काम मला दिलं. कुकरबद्दल मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही आलात ना पण."

आता शिकण्याबद्दल. आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स चांगला आहे, जमत असेल तर करा. पण त्यानंतर कुणाच्या हाताखाली उमेदवारी करायची हे नीट निवडा. माझं ठाम मत आहे की जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे वर्षभर राहावं. नवंच करणाऱ्याला आपलं काम पाच वर्षांनी कसं दिसतं हे कळत नाही. दुरुस्तीवाल्याच्या दारात रोज इतरांच्या चुका येऊन पडतात. पुण्यात राजस्थानातून आलेले फार कसबी सुतार आहेत. त्यांच्याकडे हाताचा वेग शिका. आणि "बघून बघून शीक" म्हणत तुम्हाला फक्त सनमायका घासायला लावणाऱ्याकडे सहा महिन्यांवर थांबू नका.

व्हिडिओ पाहून शिकण्याला माझा विरोध नाही. पण बाहेरदेशीचा माणूस हीटर लावलेल्या घरासाठी टेबल करतो. त्याचं माप आपल्या पावसाळ्याला लागू होत नाही. नदीसारखा रेझिन ओतलेला टेबलाचा फळा पहिल्या वर्षात तरी घेऊ नका. ओलं लाकूड रेझिनमध्ये अडकलं की माझ्या चौदा स्क्रूंपेक्षा वाईट.

पोट भरतं ते प्लायवरच, हे आधीच मान्य करा. वॉर्डरोब, किचन ट्रॉल्या, टीव्ही युनिट. प्लाय थरांत उभा-आडवा चिकटवलेला असतो, म्हणून तो असा हलत नाही. ओल्या जागी आयएस (भारतीय मानक) ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, बाकी ठिकाणी आयएस ३०३ पुरतो. १९ मिमी म्हणून आलेला प्लाय खाच पाडण्यापूर्वी स्वतः मोजा, नेहमी १९ भरत नाही. भिंतींची मापं वर, मधे आणि खाली अशी तीनदा घ्या, फरशी बसल्यावरच घ्या, आणि लिफ्टची उंची मोजायला विसरू नका. वॉर्डरोबची आठ फुटी बाजू जिन्यातून सातव्या मजल्यावर नेली आहे आम्ही.

अख्ख्या लाकडाचं काम प्लायसारखं चौरस फुटाच्या भावाने कधीही घेऊ नका. कधीही नाही. तयार वस्तूत जेवढं लाकूड दिसतं त्याच्या दीडपट तरी विकत घ्यावं लागतं. गाठी, पांढरा भाग, वाकडेपणा आणि रंध्याखाली जाणारा भुसा, सगळं त्यात येतं. दरपत्रकात घनफूट वेगळे, मजुरी वेगळी, पॉलिश वेगळं लिहा. निम्मे पैसे आधी घ्या. पावसाळ्यात थोडं फुगेल, उन्हाळ्यात जोडाशी रेघ दिसेल, हेही त्याच कागदावर लिहून द्या. ग्राहक नाराज होत नाहीत. उलट विचारतात, कसं काय, आणि मग ऐकतात.

चकती करवतीवर हातमोजे घालून काम करू नका, हातमोजा ओढला गेला की हातही जातो. मास्क मात्र रोज लावा. लाकडाचा भुसा हा सिद्ध कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर नोंदलेला आहे.

सोलापूरचा फुटलेला फळा मी परत आणला. शेडमध्ये नवीन पोरगं आलं की आधी तोच दाखवतो. मे महिन्यात चिरेत नाणं जातं, ऑगस्टअखेर कागदही जात नाही. तुम्हीही एक करा. सागाचा फूटभर रुंद तुकडा घ्या, एका बाजूला पेन्सिलने खूण करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागी रुंदी मोजून त्यावरच लिहा. माझ्या तुकड्यावर ऑगस्ट आणि मे यांच्यात एक सुताहून थोडा जास्त फरक येतो. तुमच्या गावात किती येतो ते तुमचं तुम्हाला कळेल, आणि पहिलं मोठं टेबल घ्यायच्या आधी तो आकडा तुमच्याकडे असेल.