नव्या वर्षाचा वाचनसंकल्प: या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की ‘यंदा ५२ पुस्तकं!’ अशा पोस्ट दिसायला लागतात. आकडा भारदस्त आहे, पण तो आलाय कॅलेंडरवरून. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून पुस्तकं बावन्न. तुमची लोकल किती वाजताची आहे, मुलांची परीक्षा कधी आहे, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बहुतेक वाचनसंकल्प फेब्रुवारीतच बारगळतात ते इथे.

म्हणून आधी गणित मांडा. पुस्तक सरासरी २५० पानांचं धरलं तर बावन्न पुस्तकांची १३,००० पानं होतात, म्हणजे रोज साधारण ३६. पानाला दोन मिनिटं लागत असतील तर रोज सव्वा तास झाला, तोही गणपतीत, लग्नसराईत, मार्चअखेरच्या धावपळीत आणि ताप आला असताना. हेच लक्ष्य १५ पुस्तकांचं ठेवलंत तर रोज दहा-अकरा पानं पुरतात. वीस-बावीस मिनिटांचं काम. आपला वेग माहीत नसेल तर काहीही न ठरवता आठवडाभर वाचा. रोज किती पानं झाली ते पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. त्याची सरासरी काढा, तीतून पाव हिस्सा वजा करा आणि मग वर्षाचा आकडा ठरवा. पाव हिस्सा सणावारांचा आणि पाहुण्यांचा.

दुसरी चूक मला जास्त खटकते. ती म्हणजे फक्त पुस्तकांची संख्या मोजणं. संख्या मोजायला लागलं की हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो आणि डिसेंबरमध्ये तर ऐंशी-ऐंशी पानांच्या पुस्तिकांचा पाऊस पडतो. याउलट ज्ञानेश्वरीचं बघा. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. रोज पंचवीस ओव्या, खालच्या अर्थासकट, सावकाश वाचल्या तर ३१ डिसेंबरपर्यंत ती बरोबर पुरी होते. वर्षभर न चुकता वाचणाऱ्या त्या माणसाच्या वाचननोंदीच्या ॲपवर आकडा दिसेल: एक. तेव्हा पानं मोजा, नाहीतर मिनिटं मोजा. मोठा ग्रंथ घेणार असाल तर त्याचा हिशोब वेगळाच ठेवा. त्याला पंधरातला एक धरू नका.

ऑडिओबुक मोजायचं का, यावर लोक तावातावानं भांडतात. मोजा. फक्त नियम जानेवारीत ठरवा, नोव्हेंबरमध्ये सोयीनुसार नको.

यादीचंही तसंच. जानेवारीतच वर्षाची सगळी पुस्तकं ठरवून टाकणारे उत्साही असतात आणि त्या यादीत आवडीच्या पुस्तकांपेक्षा ‘वाचायलाच हवीत’ अशीच जास्त. अर्धी यादी कोरी ठेवा. मध्येच कुणीतरी काहीतरी हातात ठेवतं आणि ते यादीतल्यापेक्षा चांगलं निघतं. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर दिवाळी अंकांचे असतात. १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून ही आपली रीत आहे, तिला संकल्पाबाहेर ठेवून कसं चालेल? दोनशे पानांचा अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलात तर तो पुस्तकात धरा. नुसती व्यंगचित्रं आणि राशिभविष्य बघितलं असेल तर नको.

खरेदी म्हणजे वाचन नव्हे, हे प्रदर्शनातून दोन पिशव्या भरून आणताना कुणालाच आठवत नाही. संकल्प टिकवायचा असेल तर वाचनालय बरं. तिथे परतीची तारीख असते. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडला की घरच्या कपाटातल्या पुस्तकाला कधीच न येणारी घाई येते. वर्गणी विकतच्या पुस्तकांपुढे किरकोळ असते. अनामत परत मिळते.

आता अडलं तर काय करायचं, ते. एकाच पुस्तकात तीन आठवडे रुतला असाल तर ते सोडा. पन्नास-साठ पानं वाचूनही पुढे जावंसं वाटत नसेल तर रेटण्यात अर्थ नाही, कारण त्या एका पुस्तकापायी पुढची चार अडकतात. सोडलेल्या पुस्तकाची वाचलेली पानं मात्र हिशोबात घ्या, ती वाचलीत ना?

मध्ये महिनाभर खंड पडला तर राहिलेली पानं पुढच्या महिन्यावर लादू नका. रोज दहाची वीस पानं केली की चौथ्या दिवशी पुस्तक उशाशी पडून राहतं. चुकलेला महिना सोडून द्या आणि उरलेल्या महिन्यांचं गणित नव्यानं मांडा. गुडरीड्सवर (वाचलेली पुस्तकं नोंदवायचं संकेतस्थळ आणि ॲप) तुम्ही किती पुस्तकं मागे आहात ते दाखवतात, ते बघून जीव कासावीस होत असेल तर तिथलं लक्ष्य वर्षाच्या मध्येही बदलता येतं. जूनमध्ये पंधराचे दहा केलेत तर कुणी विचारायला येत नाही.